भूमिगत विद्युतगृह, यंत्रध्वनी आणि कानातील बोळा : पोफळीच्या संदर्भात कर्णरक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले पोफळी हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात नोंदले गेले. कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्वेकडे वाहते. तिचे पाणी धरणात अडवून, डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे वळवून कोकणात उतरवले की साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीचा दाब हाती येतो, या साध्या भौगोलिक सत्यावर हा प्रकल्प उभा राहिला. १९५०च्या दशकात काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहातील पहिला संच कार्यान्वित झाला. पहिल्या व दुसऱ्या टप्प्याचे प्रत्येकी चार संच एकाच भूमिगत दालनात आहेत. आज त्यांची क्षमता ६०० मेगावॅट मानली जाते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यानंतर या केंद्राचे संचलन महानिर्मिती कंपनीकडे आले.

कोयनेचा इतिहास आजवर प्रामुख्याने चार अंगांनी लिहिला गेला. अभियांत्रिकीचा पराक्रम हे पहिले अंग, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हे दुसरे, विस्थापितांचे पुनर्वसन हे तिसरे आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास मान्य केलेल्या ६७.५ अब्ज घनफूट पाण्याचा वाद हे चौथे. या चारही अंगांत डोंगराच्या पोटात पाळीपाळीने काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचा विचार त्यामानाने कमी झाला आहे. त्या शरीराचा एक अवयव, म्हणजे कान, आणि त्याच्या रक्षणासाठी वापरला जाणारा बोटाच्या पेराएवढा बोळा हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे व पद्धती :

१) भूमिगत जलविद्युत केंद्रातील ध्वनीचे स्वरूप समजून घेणे.
२) कर्णरक्षक साधनांच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेऊन कोयना प्रकल्पाच्या टप्प्यांशी त्याचा कालानुक्रम जुळवून पाहणे.
३) ध्वनिरोध व सुखावहता या दोन निकषांचा परस्परसंबंध तपासणे आणि त्या आधारे निवडीचे निकष मांडणे.

निबंधात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ध्वनिमापनाशी संबंधित गणिते केवळ मुद्दा स्पष्ट करण्यापुरती घेतली आहेत.

१. डोंगराच्या पोटातील ध्वनी :

महाराष्ट्राला जलविद्युत नवी नव्हती. टाटा समूहाची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली होती. मात्र ती उघड्यावरील इमारतींत होती. पोफळी येथे विद्युतगृहच कातळात कोरले गेले. खुल्या इमारतीत ध्वनीचा काही अंश खिडक्या-दारांतून आणि छपरातून बाहेर निसटतो. कातळाच्या दालनात तशी वाट नाही. दगडी भिंती, काँक्रीटची जमीन व पोलादी आवरणे ध्वनी फारच थोडा शोषतात, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा परावर्तित होतो. यंत्रापासून दूर गेले म्हणजे आवाज कमी होईल, हा रोजच्या अनुभवातला नियम अशा दालनात अपुरा ठरतो.

ध्वनीचे स्रोतही एकाहून अधिक असतात. पोफळीची टर्बाइने पेल्टन पद्धतीची आहेत. या पद्धतीत उंचावरून आलेले पाणी तोटीतून झोताच्या रूपाने बाहेर पडते आणि चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते. साडेचारशे मीटरांच्या दाबाखाली या झोताचा वेग सैद्धांतिकदृष्ट्या ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक होतो. एका वाटीवरून झोत पुढच्या वाटीवर जाताना दर वेळी एक आघात होतो. उदाहरणार्थ, वीस वाट्यांचे चाक मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल, तर एका झोतापुढून सेकंदाला शंभर वाट्या जातात आणि तितक्याच कंपनांचा सूर निर्माण होतो. जनित्राच्या गाभ्याचा गुणगुणाटही ५० हर्ट्झच्या वीजप्रणालीत १०० हर्ट्झच्या आसपास असतो. त्यावर थंड हवेचे पंखे, तेलाचे पंप आणि हवेचे कॉम्प्रेसर यांचा उच्च कंपनसंख्येचा ध्वनी चढतो. जलविद्युत केंद्रांत टर्बाइनच्या खळग्याजवळ ध्वनीपातळी ९० डेसिबलच्या पुढे जाणे ही असामान्य गोष्ट नाही.

मराठीत 'कानठळ्या बसणे' व 'कानाला दडे बसणे' असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिला क्षणिक मोठ्या आवाजाविषयी आहे, तर दुसरा आवाज थांबल्यावर उरणाऱ्या बधिरतेविषयी. पाळी संपवून बाहेर आलेल्या कामगाराला काही तास ऐकू कमी येणे, कानात शीळ वाजत राहणे, हा दुसरा अनुभव होय. वैद्यकशास्त्र त्याला तात्पुरता श्रवणऱ्हास म्हणते. रात्रीच्या झोपेने तो भरून निघतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु अंतर्कर्णातील सुमारे पंधरा हजार केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. रोजचा तात्पुरता ऱ्हास वर्षानुवर्षांनी कायमचा होतो. हा ऱ्हास बहुधा ४,००० हर्ट्झच्या परिसरात सुरू होतो. संभाषणातील 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखी व्यंजने ज्या उच्च कंपनांवर ओळखली जातात, ती प्रथम पुसट होतात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. घरच्यांना तो दुर्लक्ष करतो असे वाटते, आणि त्याला घरचे पुटपुटतात असे वाटते. श्रवणऱ्हासाची पहिली किंमत अशी कारखान्याच्या बाहेर, घरात मोजली जाते.

२. व्यावसायिक बहिरेपणाची ओळख :

श्रमामुळे कान जातो, हे ज्ञान जुने आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथात (प्रथम आवृत्ती १७००, वाढवलेली आवृत्ती १७१३) तांबे ठोकणाऱ्या कारागिरांच्या कानांवर होणाऱ्या आघाताचे वर्णन केले. व्हेनिसमधील हे कारागीर एकाच वस्तीत राहत आणि दिवसभर ठोकत, असे तो नोंदवतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. १८३१ मध्ये इंग्लंडमधील जॉन फॉसब्रोक याने लोहारांच्या बहिरेपणाकडे लक्ष वेधले. १८८६ मध्ये ग्लासगो येथील थॉमस बार याने बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांची श्रवणशक्ती घड्याळाच्या टिकटिकीच्या साह्याने तपासली आणि त्यांतील बहुसंख्यांचे कान दुबळे झाल्याचे दाखवून दिले. 'बॉयलरवाल्याचा कान' हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला, तो याच कारणाने.

मात्र ओळख आणि मापन यांत मोठे अंतर होते. डेसिबल हे एकक व विजेवर चालणारा श्रवणमापक ही दोन्ही साधने १९२०च्या दशकात, दूरध्वनी उद्योगाच्या गरजेतून आकाराला आली. त्यापूर्वी आवाज 'मोठा' आहे एवढेच म्हणता येई. किती मोठा, किती वेळ आणि त्यामुळे किती हानी, हे प्रश्न मापनानंतरच विचारता आले. कायद्याने बोट ठेवण्याजोगी मर्यादा त्यानंतरच शक्य झाली.

३. बोळ्याचा इतिहास :

कानात काहीतरी घालून आवाज अडवण्याची कल्पना पुरातन आहे. ग्रीक महाकाव्य 'ओडिसी'मध्ये नायक आपल्या खलाशांच्या कानांत मेण भरतो, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. घरोघरी वापरला जाणारा कापसाचा बोळा हाही त्याच परंपरेतला. परंतु कोरडा कापूस हवा आरपार जाऊ देतो आणि हवेबरोबर ध्वनीही. त्यामुळे कापसाने मिळणारे संरक्षण अत्यल्प असते. संरक्षण झाल्याची भावना मात्र पूर्ण असते. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

आधुनिक बोळ्याचा आरंभ १९०७ मध्ये बर्लिन येथे झाला. मॅक्स नेगवर या औषधनिर्मात्याने 'ओडिसी'तील प्रसंगापासून प्रेरणा घेऊन कापूस व मेणाच्या मिश्रणाचे बोळे तयार केले. 'ओहरोपॅक्स' या नावाने ते बाजारात आले. कापसाने आकार दिला आणि मेणाने छिद्रे बुजवली. पहिल्या महायुद्धाच्या तोफखान्याने अशा साधनांची मागणी वाढवली. त्याच काळात ब्रिटनमध्ये पातळ पडदा असलेला मॅलॉक-आर्मस्ट्राँग कर्णरक्षक वापरात आला. तोफेचा धमाका अडावा, पण हुकूम ऐकू यावा, ही त्यामागची कल्पना होती. निवडक ध्वनिरोधाचा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी 'व्ही-५१आर' हा मऊ, एका कडीचा बोळा विकसित झाला. तो वेगवेगळ्या मापांत मिळत असे, कारण माणसांच्या कर्णनलिका एकसारख्या नसतात. एवढेच नव्हे, एकाच माणसाच्या दोन कानांचे मापही कधी कधी निराळे असते. माप घेऊन बोळा देण्याची ही पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण ती माप घेणाऱ्या प्रशिक्षित माणसावर अवलंबून होती. युद्धोत्तर काळात स्वीडनमधून काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा कापूसही कर्णरक्षणासाठी पुढे आला.

यानंतरचे वळण निर्णायक ठरले. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशन या संस्थेत रॉस गार्डनर व त्याचे सहकारी सांधे बुजवण्याच्या ऊर्जाशोषक द्रव्यावर काम करत होते. ते दाबले असता लगेच उसळत नाही, सावकाश फुगते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९७२ मध्ये फोमचा दंडगोलाकार बोळा बाजारात आला. बोटांत वळून बारीक करायचा, कानात घालायचा आणि तो फुगून नलिकेचा आकार घेईपर्यंत धरून ठेवायचा, अशी ही रीत आहे. मापाचा प्रश्न माप घेणाऱ्याकडून काढून तो द्रव्याच्या गुणधर्माकडे सोपवला गेला, हे या शोधाचे खरे महत्त्व होय.

४. कोयनेच्या टप्प्यांशी कालानुक्रम :

वरील इतिहास पोफळीच्या कालपटाशेजारी ठेवला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. बोगदे व विद्युतगृहाचे दालन खोदणाऱ्या पहिल्या पिढीने काम केले ते १९५०च्या दशकात व १९६०च्या आरंभी. हवेच्या दाबावर चालणारी कातळ-छिद्रण यंत्रे आणि सुरुंग यांचा तो काळ. अशा छिद्रण यंत्राचा ध्वनी चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर सहज जातो आणि बोगद्यात तो आणखी कोंडला जातो. फोमचा बोळा तेव्हा जगातच नव्हता. जो होता तो मेणाचा, रबराचा वा काचतंतूचा, आणि त्याची सक्ती करणारा नियम भारतात नव्हता. १९४८ चा कारखाना अधिनियम लागू होता, पण त्याचा विषय कारखाना होता. डोंगर फोडणारा मजूर सर्वार्थाने त्याच्या कक्षेत येत नव्हता.

खाणींच्या क्षेत्रात खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ च्या परिपत्रकाद्वारे ८५ डेसिबल ही इशाऱ्याची व ९० डेसिबल ही धोक्याची पातळी सांगितली. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा रूढ झाली. ध्वनिजन्य श्रवणऱ्हासाला कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित रोग म्हणून स्थान मिळाले. कर्णरक्षकांसाठीचे भारतीय मानक १९७९ चे आहे. बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ मध्ये आणि अतिध्वनीचा उल्लेख करणारे त्याचे नियम १९९८ मध्ये आले. याचा अर्थ असा की, १९७५ ते १९७८ या दरम्यान कार्यान्वित झालेला तिसरा टप्पा मानकाआधीचा ठरतो. १,००० मेगावॅटच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाशी पहिला स्फोट करून पाणी बोगद्यात घेण्यात आले, तेव्हा मात्र साधन, मानक व नियम ही तिन्ही उपलब्ध होती. एकाच खोऱ्यातील चार दशकांत कामगाराच्या कानाला मिळालेले कायदेशीर स्थान असे बदलत गेले.

या प्रवासाचा पुढील टप्पा म्हणजे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली आणि कारखाना, खाण व बांधकाम यांचे वेगवेगळे कायदे एका छत्राखाली आले. ध्वनिजन्य श्रवणऱ्हास अधिसूचित रोगांच्या यादीत कायम आहे. येथे एक तफावत नोंदवणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार 'ऐकण्यास कठीण' या गटासाठी दोन्ही कानांत संभाषणाच्या कंपनांवर ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असावा लागतो. यंत्रध्वनीने होणारा ऱ्हास मुख्यतः त्याहून वरच्या कंपनांवर असतो. परिणामी, सभेत किंवा बाजारात संभाषण न उमगणारा निवृत्त कामगार प्रमाणपत्राच्या दृष्टीने निरोगी ठरू शकतो. ज्या हानीची भरपाई अवघड, तिच्याबाबत प्रतिबंध हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

५. आकडा आणि सोय :

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७९ मध्ये कर्णरक्षकाच्या वेष्टनावर ध्वनिरोधाचा आकडा छापणे बंधनकारक केले. तेव्हापासून खरेदीत 'जितका आकडा मोठा, तितके साधन चांगले' हा समज रूढ झाला. फोमच्या बोळ्यांवर २९ ते ३३ असे आकडे असतात. हे आकडे प्रयोगशाळेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बोळा बसवून मिळवलेले असतात. म्हणूनच अमेरिकी कामगार-सुरक्षा यंत्रणेने प्रत्यक्ष कामाच्या जागेसाठी एक ढोबळ सावधगिरी सुचवली : आकड्यातून ७ वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे धरावे. २९ च्या बोळ्याचे अशा हिशेबाने ११ डेसिबलच उरतात. १०० डेसिबलच्या जागी उभ्या माणसाच्या कानापर्यंत मग ८९ डेसिबल पोहोचतात. भारतीय नियमातील ९० च्या मर्यादेखाली ते येतात, ८५ च्या सुरक्षित मानल्या गेलेल्या पातळीखाली येत नाहीत.

मर्यादांमधील फरकही लक्षणीय आहे. भारतातील रूढ नियमांत ध्वनी ५ डेसिबलने वाढला की अनुज्ञेय वेळ निम्मी होते. त्यामुळे १०० डेसिबलला दोन तास मिळतात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ८५ डेसिबल व ३ डेसिबलची पायरी शिफारस केली. तिच्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे मिळतात. एकाच कानाला दोन शास्त्रे वेगवेगळा वेळ देतात आणि बोळ्याची निवड कोणत्या शास्त्राने करायची, हा धोरणाचा प्रश्न बनतो.

सुखावहतेचा मुद्दा येथे प्रवेश करतो. समजा, एका कामगाराकडे ३० डेसिबल रोध देणारा बोळा आहे, पण तो टोचतो म्हणून आठ तासांपैकी ४८ मिनिटे तो काढून ठेवतो. वेळेच्या हिशेबाने त्याने तो नव्वद टक्के वापरला. ध्वनिऊर्जेच्या हिशेबाने मात्र त्या ४८ मिनिटांत कानात गेलेली ऊर्जा उरलेल्या सात तास बारा मिनिटांतील ऊर्जेच्या शंभर पटींहून अधिक असते, आणि दिवसभराचा परिणामकारक रोध जेमतेम १० डेसिबल भरतो. दुसऱ्या कामगाराचा बोळा २० डेसिबलचाच आहे, पण तो कानात आहे याची त्याला जाणीवही होत नाही आणि पाळीभर तो काढत नाही. त्याला पूर्ण २० डेसिबल मिळतात. 'अधिक रोध' आणि 'अधिक सोय' हे परस्परविरोधी पर्याय आहेत ही समजूत या साध्या गणिताने खोटी ठरते. दिवसाच्या हिशेबात सोय हाच रोधाचा एक घटक असतो.

रोधालाही मर्यादा आहे. कान पूर्ण बंद केले तरी ध्वनी कवटीच्या हाडांतून अंतर्कर्णात पोहोचतो. त्यामुळे चाळीस-पन्नास डेसिबलच्या पलीकडे कोणतेही साधन नेऊ शकत नाही. बोळ्यावर इअरमफ घातल्यास दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते. शिवाय बोळ्यांचा रोध उच्च कंपनांवर अधिक व निम्न कंपनांवर कमी असतो. १०० हर्ट्झच्या गुणगुणाटाच्या परिसरात याचा परिणाम असा होतो की यंत्राचा घुमारा राहतो आणि माणसाचा शब्द दबतो.

६. ऐकण्याची गरज :

विद्युतगृहातील कामगाराला कान झाकायचा असतो, तसा तो वापरायचाही असतो. बेअरिंगचा बदललेला सूर, पंपाची अडखळ, झोताची अनियमितता अनुभवी संचालकाला मापकाआधी कानाने कळते. धोक्याची घंटा व सहकाऱ्याची हाक यांचे महत्त्व सांगायला नकोच. पोफळीच्या परिसराला या संदर्भात आणखी एक परिमाण आहे. जलाशय भरू लागल्यानंतर जाणवू लागलेल्या भूकंपाच्या धक्क्यांसोबत सुरुंगासारखे आवाज ऐकू येत असल्याच्या नोंदी भूकंपशास्त्रीय साहित्यात आहेत. आवाजाचा अर्थ लावणे हा या खोऱ्याच्या जगण्याचा भाग झाला आहे.

यामुळे अतिरोध हाही दोष ठरतो. युरोपीय मार्गदर्शक मानकानुसार संरक्षकाखाली कानापर्यंत पोहोचणारी पातळी ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान असावी. ती ७० च्या खाली गेल्यास माणूस एकाकी पडतो, इशारे चुकतात आणि शेवटी बोळा काढला जातो. ९२ डेसिबलच्या जागी ३३ आकड्याचा बोळा नीट बसवून घालणे ही सावधगिरी नसून चुकीची निवड होय. ज्याची श्रवणशक्ती आधीच घटली आहे, त्याच्या बाबतीत हा धोका दुणावतो.

७. कोकणातील हवामान व निवडीचे निकष :

परदेशी प्रयोगशाळेतील आकडा कोकणात जसाच्या तसा लागू होत नाही, याचे एक कारण हवामान आहे. घाटपायथ्याचा मुसळधार पाऊस, वर्षातील बहुतेक काळ दमट हवा आणि घाम यांमुळे बंद कर्णनलिकेत ओल साठते. उष्ण व दमट प्रदेशात कानातील बुरशीचा विकार नेहमी आढळतो. तेलकट बोटांनी वळलेला फोमचा बोळा पुन्हा पुन्हा वापरल्यास तो संरक्षणाऐवजी संसर्गाचे साधन होतो. या पार्श्वभूमीवर पुढील निकष मांडता येतात.

अ) फोमचा बोळा : योग्य बसवल्यास रोध सर्वाधिक. घालण्यापूर्वी हात धुणे, बोळा बारीक वळणे, विरुद्ध हाताने कानाची पाळी वर व मागे ओढणे आणि वीस ते तीस सेकंद धरून ठेवणे आवश्यक. मळला की टाकून द्यावा. दीर्घकाळ एकाच जागी काम असणाऱ्यास उपयुक्त.

आ) सिलिकोनचा कड्यांचा बोळा : वळावा लागत नाही, साबणाने धुता येतो. रोध काहीसा कमी, पण वारंवार काढावा-घालावा लागणाऱ्या तेलकट हातांच्या कामगारास सोयीचा. मापाची निवड महत्त्वाची. फिरत्या यंत्राजवळ दोरीचा बोळा वापरताना दोरी अडकणार नाही, याची काळजी घ्यावी.

इ) इअरमफ : थोड्या वेळासाठी खळग्यात उतरणाऱ्यास उत्तम, कारण घातला की नाही हे दुरूनही दिसते. मात्र घाम, शिरस्त्राण व चष्म्याची काडी यांमुळे गादी नीट टेकत नाही आणि रोध घटतो.

ई) साच्यातून घडवलेला बोळा : कानाच्या मापाचा असल्याने दीर्घ पाळीत सुखावह. किंमत अधिक असली तरी वर्षानुवर्षे त्याच पदावर असणाऱ्यांसाठी विचारार्ह.

उ) कान वाहत असल्यास वा पडद्याला छिद्र असल्यास कोणताही बोळा वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.

या सर्वांहून महत्त्वाचा निकष असा की, साधनाची निवड वापरणाऱ्याच्या हाती असावी. दोन-तीन प्रकार समोर ठेवून, प्रत्येकाच्या कानात बसलेल्या बोळ्याचा प्रत्यक्ष रोध मोजून निवड करण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. भांडाराच्या एका मागणीपत्रावर सर्वांसाठी एकच नमुना खरेदी करण्याची कार्यालयीन सवय युद्धकाळातील माप घेण्याच्या पद्धतीपेक्षाही मागे जाणारी आहे.

निष्कर्ष :

१) कर्णरक्षकाचा इतिहास हा ध्वनी अडवणाऱ्या द्रव्याचा जितका, तितकाच तो कानात टिकणाऱ्या आकाराचा इतिहास आहे. मेण, रबर, काचतंतू व फोम या प्रत्येक टप्प्याला सुखावहतेच्या गरजेनेच चालना मिळाली.

२) कोयनेचा पहिला व दुसरा टप्पा उभारणाऱ्या पिढीला आधुनिक साधन व कायदेशीर संरक्षण ही दोन्ही उपलब्ध नव्हती. प्रकल्पाच्या लाभाचा हिशेब मांडताना या पिढीच्या श्रवणशक्तीचा उल्लेख त्यात असायला हवा.

३) वेष्टनावरील आकडा हा कमाल शक्यतेचा दर्शक आहे. प्रत्यक्ष संरक्षण बसवण्याच्या कौशल्यावर आणि विशेषतः वापराच्या सातत्यावर ठरते.

४) बोळा हा उपायांच्या क्रमात शेवटचा आहे. यंत्राची देखभाल, ध्वनिशोषक आवरण, काचबंद नियंत्रणकक्ष व पाळ्यांची आखणी हे उपाय त्याच्या आधी येतात. बोळा वाटला म्हणजे व्यवस्थापनाची जबाबदारी संपली, असे मानता येत नाही.

५) नियतकालिक श्रवणचाचणी हीच निवड योग्य होती की नाही याची अंतिम कसोटी आहे. पोफळीसारख्या ठिकाणी सेवेतील व निवृत्त कामगारांच्या श्रवणस्थितीचा मौखिक इतिहासासह अभ्यास होणे आवश्यक आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, पदार्थविज्ञान व समाजशास्त्र विभागांना तो संयुक्तपणे हाती घेता येईल.

पोफळीच्या दालनातून बाहेर पडणारे पाणी अवजल म्हणून पुढे कोळकेवाडी, अलोरे असा प्रवास करत वाशिष्ठीला मिळते. वाटेत त्याचा पुन्हा उपयोग करून घेतला जातो. एकदा गेलेल्या श्रवणशक्तीबाबत असा दुसरा टप्पा नसतो. म्हणून तिच्या रक्षणाचा निर्णय पाळी सुरू होण्यापूर्वीच व्हावा लागतो.